अकरा टाकलं आणि गेम बंद पडले: जुना गेम नेमका कुठं अडतो ते आधी बघा

सकाळी शटर वर केलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, अकरा टाकल्यापासनं गेम चालंना झालाय."

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवाळीच्या तोंडावर सांगलीत बऱ्याच घरांतल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ आलं. कुणी दहावरनं आलं, कुणी सातवरनं थेट अकरावर उडी मारली. तेव्हापासून विश्रामबागच्या माझ्या दुकानात ही तक्रार सुरूच आहे. प्रिंटर चालतो, हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं, बँकेची साइट उघडते. रोड रॅश, आयजीआय, व्हाइस सिटी, प्रिन्स तेवढे अडतात.

येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच उपाय करून आलेला असतो. गेमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, विंडोज एक्सपी. नाही चाललं की विंडोज ९८, मग ९५, मग 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', मग पुतण्याला फोन, आणि शेवटी फॉरमॅट. मीसुद्धा कैक वर्षं हेच केलंय. पोट दुखू दे नाहीतर गुडघा, डबीतली तीच पांढरी गोळी.

कम्पॅटिबिलिटी मोड काय करतो, तर गेमला खोटं सांगतो की 'बाबा, हे एक्सपीच आहे', आणि एक्सपीच्या काही जुन्या सवयींची नक्कल करतो. जो भाग नव्या विंडोजमधून काढूनच टाकलाय तो त्यानं परत येत नाही. म्हणून आता मी गिऱ्हाइकाला गेमचं नाव विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो: अडतोय कुठं? सेटअपलाच, डबल क्लिकनंतर, स्क्रीनवर आल्यावर, का सेव्ह करताना? चारही ठिकाणची दुखणी वेगळी आहेत. तेवढं कळलं की अर्धं काम झालं.

सेटअपच उघडत नाही

'धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी' असा निळा चौकोन आला, तर गेम बहुतेक १६ बिटचा, म्हणजे विंडोज ९५ च्या आधीच्या जुन्या घडणीचा आहे, नाहीतर गेम ३२ बिटचा आणि त्याचा सेटअप तेवढा १६ बिटचा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. इथं कम्पॅटिबिलिटीच्या सगळ्या खिडक्या उघडून बसलात तरी काही होणार नाही.

हा दुसरा प्रकार मात्र नीट समजून घ्या. १९९५ ते ९८ च्या आसपासच्या बऱ्याच गेमचं असंच असतं: गेम चांगला ३२ बिटचा, पण त्या काळच्या कंपन्यांनी सेटअप जुन्याच साच्यातला वापरलेला. इन्स्टॉलशील्ड या सेटअप बनवायच्या साधनाच्या काही ठरावीक आवृत्त्या विंडोज स्वतःच ओळखतं आणि गुपचूप नवं इंजिन लावून पुढं नेतं. ओळखल्या नाहीत तर सीडीवरचं फोल्डर उघडून बघा. फाइली सुट्या पडलेल्या असतील तर ते अख्खं फोल्डर कॉपी करून हार्ड डिस्कवर टाका आणि थेट गेमच्या ईएक्सईवर, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या फाइलीवर, डबल क्लिक करा. कधी कधी एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर ओटीव्हीडीएम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यातून १६ बिटचा विंडोज सेटअप ६४ बिटच्या मशीनवर चालवता येतो.

प्रिन्स आणि डेव्ह, म्हणजे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की चालायचे ते, डॉसचे गेम. त्यांना डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. यात फार डोकं लावायचं कारण नाही. गेमची ईएक्सई उचलून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर नेऊन सोडली की चालू. प्रिन्स फार हळू चालत असेल तर कंट्रोल आणि एफ१२, फार पळत असेल तर कंट्रोल आणि एफ११. लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ१०. बास.

आणखी एक विचित्र मेसेज: 'डिस्कवर पुरेशी जागा नाही'. पाचशे जीबी रिकामी असताना. गेमला तीनशे एमबी हवेत आणि तो म्हणतो जागा नाही. हा खोटेपणा नाही, हा हिशेबाचा घोळ आहे. जुने प्रोग्रॅम रिकामी जागा ३२ बिटच्या आकड्यात मोजतात. त्यात अधिक-उणे धरलं की २ जीबीच्या वर आकडा गेला की तो उलटून ऋण होतो. म्हणजे गेमला वाटतं या माणसाकडं उणे जागा आहे. उपाय साधा: एखादा जुना एक जीबीचा पेन ड्राइव्ह लावा, गेम त्याच्यावर इन्स्टॉल करा, मग फोल्डर उचलून हार्ड डिस्कवर आणा. मोठ्या तब्येतीच्या माणसाला जुन्या काट्यावर उभं केलं की काटा फिरून परत शून्याकडं येतो, तसं हे.

डबल क्लिक केलं, काहीच झालं नाही

ना एरर, ना काळी स्क्रीन. माउसचं चक्र दोनदा फिरतं आणि शांतता. ओरिजिनल सीडीवाल्यांनाच हा त्रास जास्त होतो, हे वाचून ज्यांनी तेव्हा पैसे मोजून सीडी घेतली त्यांच्या जिवाला लागेल.

२००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत बऱ्याच गेमच्या सीडीवर कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. त्याची किल्ली म्हणजे विंडोजमधला एक ड्रायव्हर, सेकड्रव्ह डॉट सिस. हा ड्रायव्हर सिस्टिमच्या फार आतपर्यंत हात घालायचा आणि त्यात सुरक्षेचं भोक होतं. म्हणून विंडोज १० मध्ये २०१५ साली तो घेतलाच नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनं व्हिस्टा, ७ आणि ८.१ वरही तो बंद केला. कुलूप दारावर तसंच, किल्ली मात्र घरमालकानं नेलेली.

हा ड्रायव्हर कुठून तरी मिळवून परत टाकायचे व्हिडिओ आहेत. करू नका. त्यासाठी विंडोजची सुरक्षा सैल करावी लागते आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता. 'नो सीडी' नावाच्या ज्या फाइली मिळतात त्यांच्याबरोबर काय काय घरात येतं ते मी रोज साफ करतो. सरळ मार्ग दोन. गेम बनवणाऱ्यांनी नंतर काढलेला पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, शोधा, कारण काही कंपन्यांनी शेवटच्या पॅचमध्ये हे कुलूपच काढून टाकलं. नाहीतर तोच गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर मिळतो का बघा. २००८ पासून ते जुने गेम कुलूप काढून, नव्या विंडोजवर चालतील असे करून विकतात, आणि सवलतीत असेल तेव्हा गेम दोन प्लेट भेळेच्या किमतीत पडतो.

डबल क्लिकवर डीएलएलचं, म्हणजे गेमला लागणाऱ्या एखाद्या जोडफाइलीचं, नाव येत असेल, म्हणजे 'डी३डीएक्स९_४३ सापडत नाही' असलं काही, तर तुमचं नशीब चांगलं. गेमचं चित्र-आवाज सांभाळणारं विंडोजमधलं डायरेक्टएक्स अकरामध्ये १२ असलं तरी ९ चे हे जोडभाग त्यात सगळे नसतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाका. ती एकच डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवू नका, तिथं डीएलएल कमी आणि जाहिराती जास्त. आणि विंडोजनं 'डायरेक्टप्ले हवंय' म्हणून विचारलं, तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ', त्यात लेगसी कंपोनंट्स, तिथं डायरेक्टप्लेवर खूण करा.

काकांची बस

एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले एक काका माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांना नातवानं कधीतरी व्हाइस सिटी दाखवला. काका त्यात मारामारी करत नाहीत. बस पकडतात आणि चालवतात. सिग्नलला थांबतात. "गाड्या सगळ्या उजवीकडनं चालवतात बघा, तेवढं डोक्यात बसंना," एवढीच त्यांची गेमबद्दल तक्रार.

त्यांच्या मशीनला मी अकरा टाकलं आणि आठ दिवसांनी ते आले. "अहो, रोज पहिल्यापासनं सुरू होतंय. काल खेळल्यालं आज नसतंय." हॉटेलात जाऊन सेव्ह करतात, गेम 'झालं नाही' म्हणतो. माउसची सेटिंग लावतात, दुसऱ्या दिवशी पुसलेली.

मी नेहमीची गोळी दिली. एक्सपी मोड. ॲडमिनिस्ट्रेटर. परत इन्स्टॉल. काका तीनदा येऊन गेले. सांगलीचा माणूस, चिडले नाहीत, पण तिसऱ्या वेळी चहा नको म्हणाले, तेव्हा मी काय ते समजलो.

चौथ्यांदा मशीन ठेवूनच घेतलं. व्हाइस सिटीत माउस चालत नसला की एक ठरलेला उपाय आहे: डॉक्युमेंट्समध्ये गेमचं 'यूजर फाइल्स' फोल्डर असतं, त्यातली 'जीटीए_व्हीसी डॉट सेट' फाइल उडवायची. म्हटलं तेवढं तरी करून बघू. डॉक्युमेंट्स उघडलं. उडवायला फाइल नाही. फाइल सोडा, फोल्डरच नाही. तीनदा इन्स्टॉल झालेल्या गेमनं आपलं फोल्डर एकदाही बनवलं नव्हतं.

मग नजर वर ॲड्रेस बारकडं गेली. सी ड्राइव्ह, यूजर्स, आणि पुढं स्वच्छ देवनागरीत: काका.

हे मीच केलं होतं. अकरा टाकताना खात्याचं नाव विचारलं, मराठी कीबोर्ड चालूच होता, मला कौतुक वाटलं, टाकलं 'काका'. विंडोजनं त्याच नावाचं फोल्डर बनवलं. विंडोजला देवनागरीचं काही वावडं नाही, तिथं सगळं युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींना चालणारी एकच अक्षरपद्धत. पण त्या काळातले बरेच गेम युनिकोडमध्ये बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, 'डॉक्युमेंट्स कुठं आहे?' आणि उत्तरातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह त्यांच्यापर्यंत प्रश्नचिन्ह होऊन पोचलं. 'काका'ची झाली चार प्रश्नचिन्हं, दोन 'क'ची आणि दोन कान्यांची. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. झालं, रस्ताच संपला. तरी गेम बिचारा चालत होता. फक्त त्याला काही लिहून ठेवायला पाटी मिळत नव्हती.

कंट्रोल पॅनेलमधून खात्याचं नाव बदलून उपयोग नाही. दिसायचं नाव बदलतं, फोल्डर तेच राहतं. मी केलं ते असं: डी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत 'डॉक्स' नावाचं फोल्डर बनवलं. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशनचा टॅब, तिथं नवा पत्ता दिला, 'मूव्ह' म्हटलं. गेम चालू केला आणि पहिल्या झटक्यात फोल्डर उगवलं. दुसरा मार्ग म्हणजे इंग्रजी नावाचं नवं लोकल खातं काढणं, पण काकांचे फोटो, पेन्शनचे कागद सगळे जुन्या खात्यात. ते हलवत बसण्यापेक्षा हे बरं.

आता जुन्या गेमचं काहीही असलं की मी पहिल्यांदा ॲड्रेस बार बघतो. मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवर ही शक्यता इतरांपेक्षा जास्त, आणि इंग्रजीतल्या उपायांत ती सहसा नसते, कारण ते लिहिणाऱ्याच्या फोल्डरचं नाव 'जॉन' असतं.

सेव्ह गायब होण्याची अजून दोन कारणं, घाईत सांगतो. जुने गेम आपल्याच फोल्डरमध्ये सेव्ह लिहितात. तो गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये असेल तर व्हिस्टापासून विंडोज तिथं लिहू देत नाही आणि फाइल गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवतं, तुमच्या खात्याच्या ॲपडेटा, लोकलच्या आत. एकदा ॲडमिन म्हणून आणि एकदा साधं उघडलं की दोन वेगळ्या ठिकाणच्या सेव्ह दिसतात. म्हणून जुना गेम कधीच प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका. सी ड्राइव्हवर थेट 'गेम्स' नावाचं फोल्डर करा, इंग्रजीत. दुसरं कारण वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेटवरची साठवण: अकरामध्ये ते डॉक्युमेंट्स आपल्या ताब्यात घेतं आणि सेव्ह तिकडं जातात.

आणि आयजीआयवाल्यांनो, मिशनच्या मध्ये सेव्ह होत नाही म्हणून मशीन उचलून आणू नका. २००० सालच्या पहिल्या आयजीआयमध्ये ती सोयच नव्हती. तेव्हाही नव्हती. सायबर कॅफेच्या काळात तासाचे पैसे मोजत आपणच कितीदा शेवटच्या गोळीला मेलोय, आठवा.

उघडतो, पण धड दिसत नाही

गवत जांभळं, पाणी लाल: एज ऑफ एम्पायर्स २ वाल्यांना हे पाठ असेल. गेम २५६ रंगांची स्वतःची पेटी वापरतो आणि विंडोजचा डेस्कटॉप मध्येच त्या पेटीतले रंग बदलतो. कम्पॅटिबिलिटीत 'रिड्यूस्ड कलर मोड, ८ बिट' आहे, तो लावून बघा. इथं मात्र ती जुनी गोळी खरोखर लागू पडते.

काळी स्क्रीन, फाटलेलं चित्र, माउस जड, यावर माझा भरवसा डीजीव्हूडू २ नावाच्या सॉफ्टवेअरवर. नाव विचित्र आहे, काम चोख. जुना गेम डायरेक्टएक्सच्या जुन्या बोलीत किंवा थ्रीडीएफएक्स या जुन्या कार्ड कंपनीच्या ग्लाइड बोलीत जे मागतो ते हे सॉफ्टवेअर आजच्या ग्राफिक्स कार्डाला कळेल अशा डायरेक्टएक्स ११ किंवा १२ मध्ये उल्था करून देतं. त्याच्या 'एमएस' फोल्डरमध्ये 'एक्स८६' आणि 'एक्स६४' असे दोन भाग असतात. मशीन ६४ बिटचं म्हणून लोक एक्स६४ मधल्या फाइली उचलतात आणि काही होत नाही म्हणून बसतात. गेम ३२ बिटचा आहे, त्याला एक्स८६ मधल्याच लागतात. डायरेक्टएक्स ७ पर्यंतच्या गेमसाठी 'डीड्रॉ' आणि 'डी३डीइम' या दोन डीएलएल गेमच्या ईएक्सईशेजारी टाका, सिस्टिम३२ मध्ये नाही. गेम चालू केल्यावर कोपऱ्यात डीजीव्हूडूचा छाप दिसला म्हणजे ते कामाला लागलं. खात्री झाली की त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन छाप बंद करा.

गेम पिसाटासारखा पळत असेल तर त्याचा वेग फ्रेमला बांधलेला आहे. तेव्हाचं कार्ड सेकंदाला तीस-चाळीस फ्रेम काढायचं, आजचं शेकड्यांनी. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये व्हीसिंक, म्हणजे फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधायची सोय, चालू करा, नाहीतर ६० वर मर्यादा घाला. व्हाइस सिटीतला 'फ्रेम लिमिटर' बंद करायचा मोह होईल, करू नका, गाड्या चमत्कारिक वागायला लागतात.

लोक विचारतात, विंडोजनं मुद्दाम बिघडवलं का? तर व्हाइस सिटीच्या पुढच्या गेमचा, सॅन अँड्रियासचा किस्सा सांगतो. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आणि त्या गेममधलं स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान गायब झालं. कुणी दुसऱ्या मार्गानं ते आणून त्यात बसलं की गेममधला माणूस थेट आभाळात फेकला जायचा. या गेमसाठी सायलेंटपॅच नावाचा दुरुस्तीचा पॅच बनवणाऱ्या प्रोग्रॅमरनं खोदून काढलं: आधीच्या व्हाइस सिटीत स्किमरची नोंद बोट म्हणून होती, बोटीला चाकं कुठली? सॅन अँड्रियासमध्ये तिचं विमान केलं, पण चाकांच्या मापाचे आकडे भरायचे राहिले. गेम ते आकडे वाचताना मेमरीत आधीच्या गाडीचे उरलेले आकडे वापरायचा आणि योगायोगानं निभावून जायचं. २००५ पासून. नव्या विंडोजनं त्या जागेवर दुसरं काही लिहायला सुरुवात केली आणि वीस वर्षं झाकलेली चूक उघडी पडली. उपाय सायलेंटपॅच. व्हाइस सिटीलाही त्याचा वेगळा पॅच आहे, माउसचं दुखणंही त्यानं जातं.

सीडीबद्दल

२०१९ च्या महापुरात आमच्या गावातल्या किती सीडी चिखलात गेल्या त्याची गणती नाही. साध्या पाण्यानं धुऊन, मऊ कपड्यानं मधून कडेकडं पुसलेल्या बऱ्याच सीडी नंतरही वाचता आल्या. गोल गोल पुसू नका, गोल ओरखडा वाईट.

नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसते, यूएसबीवाली कुणाची तरी मागून आणा आणि सीडीची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइलरूपी नक्कल, एकदाची काढून ठेवा. ज्या गेमचं संगीत सीडीवर गाण्यांसारखं वेगळ्या ट्रॅकमध्ये आहे, उदाहरणार्थ १९९६ चा क्वेक, त्याची आयएसओ प्रकारची इमेज काढली तर गेम चालेल पण मुका चालेल. आयएसओत फक्त डेटाचा ट्रॅक येतो. तिथं बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी काढा.

आणि जे मशीन टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही म्हणून अकराला अपात्र ठरलं, ते भंगारात देऊ नका. त्यावर एक्सपी किंवा सात तसंच ठेवा, नेटची वायर काढा, वाय-फायचा पासवर्ड विसरायला लावा, आणि ते फक्त गेमसाठी. नेट हवंच असेल तर लिनक्स टाका. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या त्यातल्या वाइन सॉफ्टवेअरवर १६ बिटचे सेटअपही चालतात, जे खुद्द विंडोज ११ वर चालत नाहीत.

दुकानात येणार असाल तर सीडी कव्हरसकट आणा. सीरियल नंबर बहुतेक वेळा कव्हरच्या मागच्या बाजूला असतो, आणि अर्ध्या लोकांना त्यासाठी परत घरी जावं लागतं.